वरच्या कवळीचा किल्ला

रविवारी दुपारी कवळीवाल्यांच्या बायकोने आपल्या आईची नवी कवळी टेबलावर आणून ठेवली आणि तिथेच सगळं बिनसलं.

तिची बिचारीची काही चूक नव्हती. कवळी तयार होऊन पाण्याच्या भांड्यात पडली होती. तिने ती पुसली, वरची आणि खालची दोन्ही, आणि कामाच्या खोलीत येऊन नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली. टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं आहे आणि त्यावर दोन सैन्यं समोरासमोर उभी आहेत, हे तिला दिसलं होतं. पण नवऱ्याच्या बाबतीत जे जे दिसेल ते ते मनावर घेत बसायचं म्हटलं तर संसार व्हायचा नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

"मी शाळेत पुढे जाते, पहिल्या रांगेत खुर्च्या धरून ठेवते," ती म्हणाली. "पाचला कार्यक्रम आहे. तुम्ही आत्ता उठा, आईकडे जा, तिला कवळी बसवून द्या, कुठे टोचली तर घासून द्या आणि तिला गाडीत घालून आणा. ऐकताय ना?"

"हं," कवळीवाले म्हणाले. त्यांचं लक्ष पुलावर होतं.

"वकीलसाहेब, तुम्ही तरी ह्यांना उठवा हो."

"वहिनी, मी मघापासून त्याच प्रयत्नात आहे," समोर बसलेले वकील म्हणाले आणि त्यांनी आपली एक तोफ पुढे सरकवली.

पंचेचाळिशीला टेकलेली दोन माणसं रविवारी दुपारी बोटभर उंचीचे शिपाई मांडून का बसतात, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना तो खुशाल पडू द्यावा. अशी माणसं स्वतः रविवारी काय करतात ते आपल्याला माहीत आहे. ती झोपतात. कवळीवाले आणि वकील हे दोघं शाळेत असताना एकाच बाकावर बसत, आणि शाळा सुटली की वकिलांच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर लढाया करत. शर्टांची बटणं हे पायदळ, आगकाड्यांच्या पेट्या म्हणजे तोफा, बुद्धिबळातले घोडे म्हणजे घोडदळ. कोणी किती पुढे जायचं ते फूटपट्टीने मोजायचं, कोण मेला ते फाशांनी ठरवायचं. वकील ती फूटपट्टी झोपतानाही उशाशी घेत म्हणून त्यांचं नाव पट्टी पडलं. कवळीवाले एकदा टेबलाशी बसले की आईने चार हाका मारल्या तरी उठत नसत म्हणून ते डिंक्या.

त्या खेळाचे नियम दोघांनी मिळून बनवले होते, आणि त्यातला सर्वांत कडक नियम डिंक्याचा होता. लढाई सुरू झाल्यावर टेबलावर जे येईल ते रणभूमीचं. मग ते काहीही असो. जो खेळाडू ते उचलेल तो हरला. एकदा पट्टीच्या वडिलांनी वर्तमानपत्र वाचता वाचता चष्मा टेबलावर ठेवला आणि त्याची शेजारी शेजारी दोन तळी झाली. लढाई ऐन रंगात होती. वडील पुढचे कित्येक दिवस वर्तमानपत्र हात लांब करून वाचत होते आणि घरात चष्मा कुठे गेला म्हणून सगळ्यांवर खेकसत होते. पोरांनी तोंडातून शब्द काढला नाही. तळी घोड्यांना पाणी पाजायला फार सोयीची होती.

तो काळ आठवला की कवळीवाल्यांना अजून गलबलून येई. नंतरच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ काही मिळवलं. गावातले निम्मे दंतवैद्य त्यांच्याकडून कवळ्या करून घेत. पण हिरव्या चादरीवर हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून, आपलं सैन्य शिपायाच्या उंचीवरून बघताना जे वाटायचं ते पुन्हा कशातच वाटलं नाही. आणि त्या आठवणीच्या शेवटी दर वेळी त्यांचं डोकं फिरायचं. कारण शेवटची लढाई ते जिंकत आले होते. पूल त्यांनी घेतला होता. पट्टीच्या झेंड्यापर्यंत जायला एकच चाल हवी होती. तेवढ्यात पट्टीच्या आईने "पानं घ्यायची आहेत" म्हणून चादरीची चार टोकं धरली आणि दोन्ही सैन्यं गाठोड्यात बांधून कपाटावर टाकली.

"तू हरलास," डिंक्या म्हणाला होता.

"बरोबरी," पट्टी म्हणाला होता.

त्याच महिन्यात पट्टीच्या वडिलांची बदली झाली. राग मात्र कवळीवाल्यांपाशी राहिला तो तीस वर्षं राहिला. वकील त्याच गल्लीत कचेरी थाटायला आले तेव्हा कवळीवाल्यांनी "कसा आहेस" विचारण्याआधी "तू हरला होतास" असं सांगितलं होतं. शेवटी ठरलं, ती लढाई जिथे थांबली तिथून पुढे खेळायची. कवळीवाल्यांनी कवळीच्या उरल्यासुरल्या गुलाबी मसाल्यातून शिपाई ओतले. त्यामुळे दोन्ही सैन्यांचे चेहरे हिरड्यांच्या रंगाचे झाले, पण अंगकाठी आणि बंदुका पाहण्यासारख्या होत्या. जुनी मांडणी आठवून आठवून लावण्यात कित्येक रविवार भांडणात गेले. आणि सुरुवात करण्याआधी कवळीवाल्यांनी एक नवा नियम घालून घेतला: ज्याच्या घरच्या माणसाने टेबलावर मांडलेल्या कशालाही हात लावला, तो हरला. वकिलांच्या कैलासवासी आईला उद्देशूनच तो नियम होता. वकिलांनी शांतपणे मान्य केला. लढाई कवळीवाल्यांच्या घरी होती, हे कवळीवाल्यांच्या रागाच्या भरात ध्यानातच आलं नव्हतं.

बायको गेली. दार लागलं. वकिलांनी फूटपट्टी लावली, पाच शिपाई आणि एक तोफ उचलली आणि वरच्या कवळीत नेऊन ठेवली. कवळी उताणी पडली होती. आत टाळूची सपाट जागा आणि सभोवती दातांची तटबंदी.

"किल्ला घेतला," वकील म्हणाले.

कवळीवाल्यांनी वर पाहिलं. "पट्टी, ती कवळी आहे."

"होती."

"सासूबाईंची आहे."

"टेबलावर आलं ते रणभूमीचं. नियम कोणाचा?"

"अरे, त्यांना पाच वाजता भाषण करायचं आहे."

"मग उचल की. तुला कोण अडवतंय? उचललीस की हरलास, एवढंच."

इथे सासूबाईंच्या भाषणाबद्दल सांगणं भाग आहे. सासूबाई एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या हाताखालच्या उपमुख्याध्यापकाने संस्थेचे कान भरून, नियमांवर बोट ठेवून, त्यांना मुदतीआधी खुर्चीवरून उठवलं होतं. तो आता संस्थेचा अध्यक्ष होता. सासूबाईंनी त्या दिवसापासूनचा राग लोणी विरघळू नये तसा जपून ठेवला होता. शाळेच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला "माजी मुख्याध्यापिका दोन शब्द बोलतील" अशी पत्रिका आली, ती वाचताना त्यांनी दात असे करकचून आवळले की जुनी कवळी मधोमध तडकली.

"दोन शब्द काय," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या होत्या, "मी त्याला सगळ्यांसमोर सोलून ठेवते. जावईबापू, दात करा. चांगले घट्ट करा."

तेव्हापासून त्या पेज पिऊन आरशासमोर भाषणाची तालीम करत होत्या. दातांशिवाय शब्द वाऱ्यासारखे निसटत, म्हणून त्यांचा सगळा भरवसा जावयावर होता. आणि जावई फूटपट्टी हातात घेऊन बसला होता.

कवळीवाल्यांनी विचार केला. उचलावी तर तीस वर्षांनी हरायचं, तेही जिंकत आलेलं. न उचलावी तर सासूबाई. त्यांनी तिसरा मार्ग काढला. किल्ला लढून घ्यायचा. किल्ला घेतला की लगेच पुढच्या चालीत झेंडा पाडायचा, लढाई संपली की कवळी पुन्हा कवळी. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. असा हिशेब ज्या माणसाने केला त्याने आयुष्यात एकही किल्ला घेतलेला नसतो.

"पूल सोड, मी किल्ला सोडतो," वकिलांनी तह सुचवला.

"खड्ड्यात गेला तुझा तह," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी घोडदळ घातलं.

घोडदळ सुळ्यापाशी मेलं. मग त्यांनी पायदळ घातलं, ते दाढांच्या बाजूने. हे काम त्यांच्याच हातचं होतं. दात त्यांनी सासूबाईंच्या सांगण्यावरून इतके एकाला एक लावून बसवले होते की त्यांतून चिटपाखरूही आत जाईना. वकील मागच्या बाजूने, जिथे दात नाहीत तिथून, आरामात कुमक आत सोडत होते.

"कारागिरी चांगली आहे हां तुझी," वकील म्हणाले.

"गप्प बस आणि फासे टाक."

फोन वाजला. बायको होती. "दिली का आईला कवळी?"

"घेतोच आहे," कवळीवाले म्हणाले.

"घ्यायची काय आहे? द्यायची आहे. निघालात ना?"

"आता एवढी ही दाढ पडली की निघालो."

"कोणाची दाढ?"

कवळीवाल्यांनी फोन पालथा ठेवला, पण खिशात. टेबलावर ठेवला असता तर त्याचं पठार झालं असतं. एवढं भान त्यांना अजून होतं.

चार वाजून गेले. कवळीवाल्यांचं अर्धं सैन्य खालच्या कवळीच्या बांधाआड दडून बसलं होतं. त्यांच्या मानेची शीर उडत होती. वकील फूटपट्टीने पाठ खाजवत होते. त्या पाठ खाजवण्याचा कवळीवाल्यांना शाळेतही असाच संताप यायचा.

"तू तेव्हाही हरला होतास," ते म्हणाले.

"बरोबरी होती."

"तुझ्या आईने चादर ओढली."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस."

"मी कुठे आणली? तीच आली मध्ये."

ह्यावर वकील उभे राहिले, कवळीवालेही उभे राहिले, आणि त्या दोघांचं टेबलावर ओणवून एकमेकांच्या तोंडावर बोट नाचवणं चालू असताना दारातून सासूबाई आत आल्या.

त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. केस चापून बसवले होते. तोंडात दात नव्हते, आणि त्यामुळे ओठ आत वळून चेहरा आवळलेल्या मुठीसारखा दिसत होता. वाट बघून बघून त्या पायी आल्या होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या. शब्दांतून हवा जात होती, पण जरब जात नव्हती. "माझे दात."

दोघेही खाली बसले. सासूबाईंची नजर खोलीभर फिरली आणि टेबलावर येऊन थांबली. त्यांनी आपले दात ओळखले. त्यांच्या पुढच्या दोन दातांवरून एक तोफ डोकावत होती. त्यांनी हात पुढे केला.

आता कवळीवाल्यांनी जीभ आवरायला हवी होती. पण तीस वर्षांचा राग माणसाच्या जिभेवर आधी येतो आणि अक्कल मागून येते. "हात लावू नका," ते म्हणाले. "नियमात बसत नाही."

सासूबाईंचा हात हवेतच थांबला.

"काय म्हणालात?"

"म्हणजे, तुम्ही घरच्या. घरच्या माणसाने हात लावला की मी हरतो."

"नियमात बसत नाही," सासूबाई हळूहळू म्हणाल्या. खुर्चीवरून उठवताना उपमुख्याध्यापकाने त्यांना हेच चार शिक्षकांसमोर ऐकवलं होतं. त्यांच्या मानेवरून लाली वर चढत कपाळापर्यंत गेली. त्यांनी स्टूल ओढलं आणि टेबलाशी बसल्या. "कोणता नियम? पहिल्यापासून सांगा. एकेकाने बोला."

दोन्ही गृहस्थ एकेकाने बोलले. वर्गात उभं केल्यासारखे बोलले. बटणं, फासे, फूटपट्टी, चष्म्याची तळी, चादर, सगळं सांगून झालं. सासूबाईंनी मध्ये दोनदा "पुन्हा सांगा" म्हटलं आणि एकदा वकिलांना पाठ सरळ करायला लावली.

"म्हणजे मी ह्यांच्या घरची म्हणून मला हात लावता येत नाही," त्या म्हणाल्या.

"बरोबर," वकील म्हणाले.

"मी ह्यांच्या घरची नाही. मी माझ्या घरची. माझं स्वतःचं घर आहे, दोन खोल्यांचं, माझ्या नावावर. आणि हा किल्ला माझा आहे. ह्याचं माप माझ्या तोंडाचं आहे. माझ्या किल्ल्यात तुमची माणसं कोणाच्या परवानगीने शिरली?"

वकिलांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या वकिलीत त्यांना जे झालं नव्हतं ते झालं. विरुद्ध बाजूचं म्हणणं ऐकून त्यांची मान आपोआप डोलली.

"परवानगी नव्हती. मग ती पकडली गेली. आता ती माझी," सासूबाई म्हणाल्या. "जिंकायचं म्हणजे काय करायचं?"

"समोरच्याचा झेंडा पाडायचा," कवळीवाले म्हणाले. त्यांना आतून थोडं बरं वाटत होतं. किल्ल्यातले वकिलांचे सगळे शिपाई आणि तोफ गेली होती.

"कोणाचा झेंडा? ह्यांचा की तुमचा?"

"तुमच्या समोर जो असेल त्याचा."

"माझ्या समोर दोघे आहात. द्या ते फासे इकडे."

सासूबाईंनी फासे टाकले ते खडू फेकून मारावा तसे. पहिला शिपाई वकिलांचा पडला. "हे माझ्या खुर्चीबद्दल," सासूबाई म्हणाल्या. "मी खोलीत होते आणि त्याने उशी काढून नेली."

"कोणी?" वकिलांनी विचारलं.

"तुम्ही तुमचं बघा." दुसरा शिपाई पडला, कवळीवाल्यांचा. "हे प्रयोगशाळेच्या किल्लीबद्दल. सगळ्या शिक्षकांसमोर मागितली. माझ्याकडे. जशी मी किल्ली चोरून घरी नेणार होते."

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकेक बाहेर यायला लागलं. निरोप समारंभात हार ओला होता आणि साडीवर डाग पडला, त्याबद्दल पुलावरचा पहारेकरी गेला. मुख्याध्यापकांच्या तसबिरी लावल्या त्यात त्यांची तसबीर दाराच्या मागे आली, त्यामुळे दार उघडलं की त्या झाकल्या जात; त्याबद्दल घोडदळाची एक रांग झोपली. "त्यांनी आता विश्रांती घ्यावी," असं तो माइकवरून म्हणाला होता, त्यावर मात्र सासूबाईंनी फासे मुठीत इतका वेळ घोळवले की वकिलांनी नकळत आपली खुर्ची मागे घेतली. त्या फाशांनी दोन तोफा गेल्या.

"पट्टी," कवळीवाले हळूच म्हणाले, "आपण एक झालं पाहिजे."

"तू डावीकडून ये."

"मी डावीकडून आलो की तू माझा पूल घेशील."

"तुला माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"नाही."

जन्मात पहिल्यांदा झालेली ती युती पुलापाशीच मोडली. सासूबाई दोघांच्या मधून गेल्या. खालच्या कवळीचा बांध त्यांनी, "हीसुद्धा माझीच," म्हणून ताब्यात घेतला. मागे दडलेलं कवळीवाल्यांचं पायदळ आयतंच त्यांच्या हाती लागलं. खिशात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. कवळीवाल्यांना तो ऐकू येत होता. पण त्यांच्या झेंड्यासमोर सासूबाईंची तोफ उभी होती आणि अशा वेळी कोणी फोन घेत नाही.

आधी वकिलांचा झेंडा पडला. मग कवळीवाल्यांचा पडला. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला होता आणि चापून बसवलेल्या केसांची एक बट सुटून गालावर आली होती. त्या मागे रेलल्या, आणि त्यांनी असा लांब श्वास सोडला की टेबलावरचे उरलेसुरले दोन-तीन शिपाई आडवे झाले.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं," कवळीवाले म्हणाले.

त्यांना आई "जेवायला चल" म्हणायची तेव्हा वाटायचं तसं वाईट वाटलं. तीस वर्षांची लढाई संपली आणि दोघांपैकी कोणीच जिंकलं नाही. त्यांना सासूबाईंचा भयंकर राग आला. वकिलांकडे पाहिलं तर वकीलही सासूबाईंकडेच रागाने बघत होते. पट्टीवरचा आपला जुना राग कुठे गेला, हे कवळीवाल्यांनी मनात चाचपून पाहिलं, पण तो काही हाती लागला नाही.

मग धावपळ झाली. कवळ्या नळाखाली धुतल्या. खालची डाव्या बाजूला जराशी टोचत होती ती मशीनवर घासली. वकिलांनी गाडी काढली. वाटेत दोघांची "आधी तुझा पडला" आणि "क्रमाचा काय संबंध" अशी कुजबुज चालली होती. मागच्या सीटवर सासूबाई अधूनमधून दातांवर दात टेकवून बघत होत्या. कवळी घट्ट बसली होती.

सभागृह भरलं होतं. बायको पहिल्या रांगेत दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर हात पसरून, लाल डोळ्यांनी बसली होती.

"कुठे होतात?" ती दात-ओठ खात म्हणाली. "अध्यक्षांनी तीनदा पाणी मागवलं. आईचं नाव पुकारून झालं. वकीलसाहेब, तुम्हालासुद्धा कळू नये?"

"घरी गेल्यावर सांगतो," कवळीवाले म्हणाले.

"घरी गेल्यावर मी सांगते."

व्यासपीठावर सासूबाई माइकपाशी गेल्या. अध्यक्ष, म्हणजे तो उपमुख्याध्यापक, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. त्याने रुमालाने मान पुसली. जुने शिक्षक पुढे वाकले. सगळ्यांना ठाऊक होतं आज काय होणार आहे, आणि गर्दी सभागृह बघायला जमलेली नव्हती.

सासूबाईंनी सुरुवात करायला तोंड उघडलं. मग मिटलं. पर्समध्ये किल्ली सापडू नये तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी अध्यक्षाकडे पाहिलं. उशी आठवली. ती तर वकिलांच्या शिपायाबरोबर गेली. प्रयोगशाळेची किल्ली, ओला हार, दारामागची तसबीर, सगळं एकेक करून आठवलं, आणि एकेक करून हिरव्या कापडावर आडवं पडलेलं दिसलं. समोर एक टक्कल पडलेला, घाबरलेला म्हातारा बसला होता. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती.

"सभागृह छान झालं आहे," सासूबाई म्हणाल्या. शब्द स्वच्छ, खणखणीत आले. "वारा चांगला येतो. मुलांना इथे फार वेळ बसवून ठेवू नका." आणि त्या खाली बसल्या.

जुने शिक्षक पुन्हा मागे टेकले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षाने सर्वांत जोरात वाजवल्या.

"एवढंच?" बायको नवऱ्याकडे वळली. "इतक्या दिवसांची तालीम, आणि एवढंच? काय केलंत तुम्ही तिला?"

कवळीवाले वकिलांकडे बघू लागले आणि वकील छताकडे.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी अध्यक्ष वाट काढत सासूबाईंपाशी आला. त्याचे डोळे भरून आले होते. हातात बिस्किटांची बशी होती.

"बाई," तो म्हणाला, "खरं सांगू का, मला वाटलं होतं आज तुम्ही मला उभा फाडणार. मी रात्रभर झोपलो नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं," सासूबाई म्हणाल्या. जावयाकडे त्यांनी असा एक कटाक्ष टाकला की कवळीवाले वकिलांच्या मागे सरकले. इतकी वर्षं सांभाळलेला राग हातचा गेला होता आणि त्याबद्दलचा संताप आता कुठे त्यांना चढत होता. "ह्याच्यासाठी मी एवढे घट्ट दात करून घेतले, जावईबापू. आता ह्यांचं करू काय?"

"बिस्किट घ्या ना, बाई," अध्यक्ष म्हणाला.

सासूबाईंनी बशीतलं सर्वांत जाड बिस्किट निवडलं, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पुढच्या दातांत धरलं आणि कडाडकन मोडलं. अध्यक्ष पाऊलभर मागे सरकला.